20 एचपीचा स्क्रू कॉम्प्रेसर दुपारी ट्रिप होतो: छोट्या शॉपने प्रिव्हेंटिव्ह मेंटेनन्स किती आणि कसा करावा?

शिरोली_टर्निंग

नमस्कार मंडळी. कोल्हापूरला शिरोली एमआयडीसीत आमचं मशीन शॉप आहे. चार सीएनसी टर्निंग, दोन व्हीएमसी (उभ्या स्पिंडलची सीएनसी मिलिंग मशीन) आणि एक जुनं रेडियल ड्रिल. काम बहुतेक आसपासच्या फाउंड्र्यांचं: हब, ब्रेक ड्रम, पंपाच्या केसिंग. आबांनी एका लेथवर सुरुवात केली होती, डिप्लोमा झाल्यापासून मी बघतोय.

सगळ्या शॉपला हवा देणारा एकच स्क्रू कॉम्प्रेसर आहे. 20 एचपी, एअर कूल्ड, बेल्टवाला. ऊन वाढल्यापासून दुपारी दोन-अडीचला 'हाय टेंपरेचर' दाखवून बंद पडतो. दार उघडून पंखा मारला की अर्ध्या-पाऊण तासाने पुन्हा चालू होतो. तोवर चक (जॉब पकडणारा पंजा) धरत नाही, टूल सुटत नाही, सगळ्या मशीन उभ्या. मागच्या आठवड्यात एका गिऱ्हाइकाचा लॉट त्यापायी उशिरा गेला.

सर्व्हिसवाल्यांनी वर्षाच्या एएमसीचं (देखभाल कराराचं) कोटेशन दिलंय, सामानासकट पाऊण लाखाच्या आसपास. आबा म्हणतात चालत्या मशीनला हात लावायचा नाही. मागे एकदा सर्व्हिस करून गेले आणि दुसऱ्याच दिवशी तेल गळायला लागलं, ते त्यांच्या डोक्यात पक्कं बसलंय. मला वाटतं काहीतरी वेळापत्रक लागायला हवं, पण आमच्याकडे मेंटेनन्सचा वेगळा माणूस नाही. एएमसी घेतली की भागतं का? नसेल तर आपण नेमकं काय करायचं?

एअरजेट_इचलकरंजी

आमचे एअरजेट (हवेच्या झोतावर चालणारे) माग आहेत, म्हणजे हवा गेली की माग थांबला. आधी सांगा, कॉम्प्रेसर ठेवलाय कुठे? पंख्याची गरम हवा बाहेर जाते की खोलीतच फिरते? 20 एचपी म्हणजे 15 किलोवॉट, आणि कॉम्प्रेसर जेवढी वीज ओढतो त्यातली नव्वद टक्क्यांहून जास्त उष्णता होऊन बाहेर पडते. बंद खोलीत तीच हवा पुन्हा आत ओढली गेली तर उन्हाळ्यात कुठलाही कॉम्प्रेसर ट्रिप होणार.

आम्ही पत्र्याचा डक्ट करून गरम हवा भिंतीबाहेर काढली आणि समोरच्या भिंतीत खाली जाळी ठेवली. डक्ट पंख्याच्या तोंडापेक्षा अरुंद करू नका. आणि कूलर बघा. आमच्याकडे कापसाचं तूस बसतं, दर आठवड्याला फुंकावा लागतो.

निवृत्त_फिटर_कागल

आबांचं म्हणणं मी आधी घेतो, कारण त्यात तथ्य आहे. सर्व्हिस झाली आणि मशीन बिघडलं, असं होतं. घाईत गॅस्केट तिरकी बसते, नट अर्धवट आवळला जातो, उघडायची गरज नसलेली गोष्ट उघडली जाते. तेव्हा विनाकारण पाना लावू नये हे त्यांचं बरोबर. पण पाना लावू नये म्हणजे बघूही नये असं नाही. माझ्या मते छोट्या शॉपचा मेंटेनन्स इथेच असतो: रोज बघायचं, रोज लिहायचं, आणि आकड्यात फरक पडला तरच पाना उचलायचा.

मी आयटीआय करून साखर कारखान्यात लागलो होतो. तिथे पट्टा पडला, म्हणजे गाळप संपलं, की ऑफ सीझन. अख्खी मिल उघडायची, रोलर, बेअरिंगा, पंप सगळं बाहेर, आणि बॉयलर अग्निप्रदीपनाच्या आत सगळं जागेवर. त्यांना सवडीचे महिने मिळतात. पुढे फाउंड्रीच्या मेंटेनन्सला गेलो, तिथे बारा महिने हंगाम. तुमचंही तसंच आहे. दोन पाळ्या, महिन्याला पंचवीस दिवस धरले तर वर्षाला 4800 तास होतात. एएमसीवाला तीन महिन्यांतून एकदा आला तर दोन फेऱ्यांच्या मधे 1200 तास मशीन तुमच्याच नजरेखाली चालणार. त्या 1200 तासांची जबाबदारी कुठलंही कोटेशन घेत नाही.

म्हणून आजच एक वही घ्या आणि कॉम्प्रेसरच्या दाराला दोरीने बांधा. मोबाइलमध्ये नको, वहीच. रोज एकाच वेळी, आणि तुमच्या बाबतीत दुपारी दोनच्या आत, एका माणसाने लिहायचं. खोलीचं तापमान, एअर एंडमधून, म्हणजे स्क्रू जिथे हवा दाबतात त्या भागातून, निघणाऱ्या हवेचं तापमान (पॅनेलवर दिसतं), सेपरेटरच्या (हवेतलं तेल वेगळं करणाऱ्या फिल्टरच्या) आधीचा आणि नंतरचा दाब, मोटरचे अँपिअर, एकूण तास आणि लोडचे, म्हणजे प्रत्यक्ष हवा दाबण्याचे, तास. पाच मिनिटांचं काम आहे. माणूस मात्र ठरलेला हवा. सगळ्यांचं काम ते कुणाचंच नसतं.

आता हे आकडे वाचायचे कसे ते तुमच्याच दुखण्यावर सांगतो. समजा खोलीत 40 आहे आणि एअर एंडला 104. नुसता 104 बघून माणूस म्हणतो, ऊनच फार आहे. पण वजाबाकी करा: 64. अशा कॉम्प्रेसरला खोलीपेक्षा चाळीस-पन्नास अंश जास्त हे ठीक असतं. जानेवारीत खोली 26 होती तेव्हा हाच 64 चा फरक असता तर पॅनेलवर 90 दिसला असता, कुणी लक्षही दिलं नसतं. म्हणजे बिघाड थंडीतच सुरू झालेला असतो, उन्हाळा तो फक्त उघडा पाडतो. ट्रिप साधारण 105 ते 110 च्या मधे लावलेली असते. ती वाढवून घेण्याच्या फंदात पडू नका. कुणी 'सेटिंग बदलून देतो' म्हणाला तर त्याला हात लावू देऊ नका. तेल तापलं की त्याचं आयुष्य जातं, दर दहा अंशांना अर्धं, असा ठोकताळा आहे. पुस्तकात 4000 तास लिहिलेलं तेल सतत दहा अंश वर चालवलं तर 2000 लाच संपलं समजा. मग त्याचं वार्निश होऊन आत चिकटतं आणि शेवट एअर एंडवर येतो. एअर एंडचा खर्च तुमच्या एएमसीच्या कितीतरी पट आहे.

फरक वाढण्याची कारणं स्वस्तापासून महागाकडे तपासत जा. खोलीची हवा (वर इचलकरंजीकरांनी सांगितलंच आहे), मग तेलाची लेव्हल, मग कूलर, मग तेलाचा फिल्टर, सगळ्यात शेवटी थर्मल व्हॉल्व्ह. तो साधारण 70 अंशांच्या पुढे तेल कूलरकडे सोडतो, अर्धवट अडकला तर तेल कूलरला न जाता तसंच फिरत राहतं. पण शेजारी फाउंड्री म्हटल्यावर माझा पहिला संशय कूलरवरच.

कूलर साफ करायचीही रीत आहे. मशीन बंद, मेन स्विच खाली, त्यावर कुलूप आणि किल्ली स्वतःच्या खिशात. आतला दाब शून्य झालेला गेजवर बघितल्याशिवाय काहीही सोडायचं नाही. स्क्रू कॉम्प्रेसर बंद केल्यावरही टाकीत दाब काही वेळ राहतो, आणि त्या दाबावर तेलाचं झाकण सोडलं तर गरम तेल तोंडावर येतं. मग कूलरच्या एका बाजूने बॅटरीचा उजेड मारा आणि दुसऱ्या बाजूने बघा. फिनमधून उजेड आरपार आला पाहिजे. नुसता कोरडा फुफाटा असेल तर पंख्याच्या वाऱ्याच्या उलट दिशेने हवा मारायची, ज्या बाजूने धूळ शिरली त्याच बाजूने ती बाहेर पडेल. सरळ दिशेने मारली तर ती आणखी आत ठासते. पण तुमच्याकडे फेटलिंगची (कास्टिंग घासण्याची), शॉट ब्लास्टिंगची बारीक धूळ असणार आणि तिला तेलाची वाफ लागलेली असणार, त्याची खापरी होते. ती हवेने निघत नाही. कूलर काढून डिटर्जंटच्या कोमट पाण्यात भिजवायचा, साध्या पाइपने धुवायचा, पुरता वाळवून बसवायचा. गाड्या धुवायचा प्रेशरवाला जेट अजिबात नको, फिन आडव्या होतात आणि मग तो कूलर पूर्वीसारखा काम करत नाही.

दुसरं पाणी. पावसाळा तोंडावर आलाय म्हणून सांगतो. हवा 30 अंशाची आणि 80 टक्के दमट असेल तर एका घनमीटरमध्ये 24 ग्रॅम पाणी असतं. तुमचा कॉम्प्रेसर पूर्ण लोडवर तासाला सव्वाशे-दीडशे घनमीटर हवा ओढतो. त्यातलं बरंचसं पाणी दाबल्यावर आणि थंड झाल्यावर बाहेर पडतं. दोन पाळ्यांत वीस-पंचवीस लिटर सहज. रिसीव्हरचा (हवा साठवायच्या टाकीचा) ऑटो ड्रेन अडकला तर हे सगळं हवा सुकवणाऱ्या ड्रायरवर आणि तिथून मशीनवर जातं. रोज सकाळी हाताने ड्रेन उघडून बघा. एक दिवस पाणी आलंच नाही तर खूश होऊ नका, ड्रेन चोक आहे.

बेल्टचं फार सांगत नाही. सेटमधला एक गेला की सगळे बदलायचे, ताण पुस्तकाप्रमाणे, झालं.

पॉलिटेक्निक_मॅडम

वरचा प्रतिसाद मी विद्यार्थ्यांना वाचून दाखवणार आहे. आबांच्या अनुभवाला एक जुना आधार आहे. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटनच्या कोस्टल कमांडमध्ये सी. एच. वॅडिंग्टन आणि त्यांचे सहकारी विमानांच्या देखभालीचे आकडे तपासत होते. दर 50 तासांच्या उड्डाणानंतर तपासणी व्हायची. त्यांना दिसलं की अचानक निघणारी दुरुस्तीची कामं तपासणीनंतर लगेच वाढतात आणि पुढचे तास भरत जातील तशी कमी होतात. म्हणजे तपासणीच बिघाड आणत होती. त्यांनी तपासण्यांमधलं अंतर वाढवायला सांगितलं.

पुढे 1978 मध्ये नॉलन आणि हीप यांनी अमेरिकेतल्या विमान कंपनीच्या भागांचा अभ्यास मांडला. त्यात जेमतेम 11 टक्के भाग असे निघाले की जे वय वाढेल तसे झिजून निकामी होतात. उरलेल्यांना ठरावीक तासांनी बदलून फायदा नव्हता.

यातून 'मेंटेनन्स नकोच' असं कुणी काढू नये. कॉम्प्रेसरचं तेल, एअर फिल्टर, ऑइल फिल्टर, सेपरेटर, बेल्ट या नक्की झिजणाऱ्या गोष्टी आहेत. त्या तासांवर बदलायच्याच, चालतंय म्हणून थांबायचं नाही. बेअरिंग, व्हॉल्व्ह, इलेक्ट्रॉनिक पॅनेल यांना उघडायचं नाही, त्यांच्यावर नजर ठेवायची. हे दोन गट वेगळे केले की एएमसीच्या कोटेशनमधलं कुठलं सामान हवं आणि कुठलं नको, हेही तुम्हालाच ठरवता येईल.

व्हीएमसी_भोसरी

कॉम्प्रेसरसोबत मशीनकडेही तसंच बघा. स्लाइडच्या ल्युब्रिकेशनची टाकी असते ना, 68 नंबरचं तेल लागतं ती, ती कधी भरली ते लिहून ठेवा. तेल जास्त लागायला लागलं की सगळे बघतात, पाइप फुटला म्हणून. कमी लागायला लागलं की कुणी बघत नाही, आणि खरा धोका तिथे आहे. तेल वाटून देणारा डिस्ट्रिब्युटर चोक झालेला असतो, स्लाइड कोरडी चालते, आणि कळतं तेव्हा जॉबचं माप चुकायला लागलेलं असतं. आमच्याकडे एका मशीनला आठवड्याची टाकी दहा-अकरा दिवस पुरायला लागली, तेवढ्यावरून ऑपरेटरने पकडलं. गाइडवे वाचले.

शिरोली_टर्निंग

सगळ्यांचे मनापासून आभार. सांगितलं तसं केलं. कूलरमागे बॅटरी धरली तर अर्ध्याहून जास्त भागातून उजेडच येत नव्हता. आबांनी स्वतः वाकून बघितलं आणि सुट्टीच्या दिवशी दोन पोरं बोलावून कूलर उतरवला. धुतल्यावर पाणी काळंकुट्ट. आता खोली 39 असताना एअर एंड 87-88 ला राहतो, ट्रिप नाही. गरम हवेच्या डक्टचं माप पत्र्याच्या फॅब्रिकेटरला दिलंय.

काका, अजून दोन गोष्टी. एक, सुट्टीच्या दिवशी सगळ्या मशीन बंद असतानाही कॉम्प्रेसर लोड-अनलोड करत होता. 35 सेकंद लोड, 65 सेकंद अनलोड (मोटर फिरते पण हवा दाबत नाही), असं सतत. हे गळतीमुळेच ना? दुसरं, सेपरेटरच्या आधीच्या आणि नंतरच्या दाबात फुल लोडला 0.7 बारचा फरक येतोय. तो खंडेनवमीला बदलला तर चालेल का? त्या वेळी आम्ही दोन दिवस सगळं बंद ठेवून मशीन धुतो-पुसतो.

निवृत्त_फिटर_कागल

गळतीच आहे, आणि तुम्ही नकळत तिची चाचणीही करून बसलात. सगळी मागणी बंद असताना लोडचा वेळ भागिले लोड अधिक अनलोड: 35 भागिले 100. म्हणजे कॉम्प्रेसरच्या ताकदीचा 35 टक्के भाग नुसता भोकांतून जातोय. 15 किलोवॉटचा 35 टक्के म्हणजे सव्वापाच किलोवॉट. गळती बंद झाली तरी अनलोडला मोटर तीसेक टक्के ओढतेच, म्हणून साडेतीन-पावणेचार किलोवॉट वाचतील असं धरा. सोळा तास, पंचवीस दिवस, युनिटला नऊ रुपये धरले तर महिन्याला बारा-तेरा हजार. तुमच्या एएमसीचे पाऊण लाख सहा महिन्यांत इथूनच निघतात, हे आबांना कागदावर दाखवा.

शोधायची पद्धत साधी. मशीन बंद, लाइनमध्ये दाब, हातात साबणाच्या पाण्याची बाटली आणि ब्रश. आधी कपलर, मग पीयू पाइपचे पुश फिटिंग, एफआरएलच्या (मशीनवरच्या हवेच्या फिल्टर-रेग्युलेटर-ल्युब्रिकेटरच्या) वाट्या, थोडे उघडे राहिलेले ड्रेन कॉक, चकच्या आणि दाराच्या सिलिंडरचे सील. मेन लाइनमध्ये क्वचितच सापडते. गळती बहुतेक शेवटच्या दोन मीटरमध्ये असते, जिथे माणसाचा हात रोज लागतो. सापडली तिथे लाल चिकटपट्टी लावा, दुरुस्त झाली की काढा. एअर गन तुटली म्हणून पाइप वाकवून तारेने बांधलेला सापडला तर त्या पोराला न रागावता नवी गन द्या. पाळी संपली की रिसीव्हरचा मेन व्हॉल्व्ह बंद करून घरी जायचं. गळती आटोक्यात आली की लाइनचा दाब थोडा उतरवून बघा. एक बार कमी केला तर वीज सहा-सात टक्के कमी लागते. मात्र मशीनच्या पुस्तकात किमान दाब किती लिहिलाय तो बघूनच.

रिसीव्हर ही दाबाची टाकी आहे, 2025 पर्यंत ती फॅक्टरी अ‍ॅक्टच्या 31 व्या कलमात येत होती. सक्षम व्यक्तीकडून तिची मुदतीत तपासणी करून घ्यायची आणि दाखला फाइलला लावायचा. सेफ्टी व्हॉल्व्हही तेव्हाच तपासून घ्या.

आता सेपरेटर. खंडेनवमीपर्यंत थांबू नका. नवा असताना हा फरक 0.2 च्या आसपास असतो, 0.8 ते 1 च्या मधे गेला की बदलायचाच. तुमचा 0.7 म्हणजे मुदत संपत आली. तेवढा जास्तीचा दाब मोटर रोज फुकट ढकलतेय, आणि तो फुटला तर तेल थेट लाइनमधून मशीनच्या व्हॉल्व्हमध्ये जाणार. सामान आज मागवा, येत्या साप्ताहिक सुट्टीला बदला. खंडेनवमीचे दोन दिवस दुसऱ्या कामाला ठेवा: स्टार्टर पॅनेलमधले सगळे टर्मिनल आवळणं, काँटॅक्टरचे पॉइंट बघणं, मोटरचं इन्सुलेशन मेगरने तपासणं. पूजेच्या आधी एवढं झालं तर वर्ष बरं जातं.

बदलताना सर्व्हिसवाला असला तरी तुम्ही शेजारी उभे राहा. आबांनी बघितलेली गळती अशाच वेळी होते. जुन्या गॅस्केटचा एकही तुकडा फ्लँजला राहता कामा नये, पण खरवडलेला कचरा टाकीतही पडता कामा नये, म्हणून आत स्वच्छ कापड धरा. नव्या सेपरेटरच्या गॅस्केटमध्ये एक बारीक धातूची पिन टोचलेली दिसेल. ती चुकून राहिली असं समजून कुणी काढायला लागलं तर हात धरा. तेलाच्या कणांनी सेपरेटरमध्ये स्थिर वीज साठते, ती त्या पिनेतून बॉडीत उतरते. पिन नसली तर आत ठिणगी पडू शकते. याच कारणासाठी गॅस्केटला सीलंट फासू द्यायचं नाही. बोल्ट समोरासमोरचे, दोन-तीन फेऱ्यांत आवळायचे. झाकणातून खाली जाणारी तेल परतीची बारीक नळी आणि तिचं छिद्र साफ करा. ती चोक राहिली तर नवा सेपरेटर असूनही लाइनमध्ये तेल जाईल आणि दोष सेपरेटरवर येईल.

पार्सल आलं की जुन्याचा पार्ट नंबर, उंची आणि फ्लँजचा व्यास जुळवून बघा, मगच कॉम्प्रेसर उघडा. बदलून झाल्यावर पहिल्याच तासाला फुल लोडचा फरक वहीत लिहा, आणि पहिल्या पाळीच्या शेवटी झाकणाच्या कडेने बोट फिरवून तेल लागतंय का ते बघा.